धुऱ्यावरचा दगड आणि खंडांचा प्रवास

खंड कसे सरकले हे दगडांतील चुंबकत्वावरून शिकायला यवतमाळकडच्या काळ्या दगडापासून, म्हणजे बेसाल्टपासून, सुरुवात करण्याचा तुमचा विचार योग्य आहे, कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थंड होत असताना त्यातील मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाने त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली.

आरंभी एकच सूत्र पक्के करा: मोकळी टांगलेली चुंबकसूची क्षितिजाशी जो कोन करते, त्याची स्पर्शज्या (tan) अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. आज विदर्भात हा कोन सूत्रानुसार साधारण ३७ अंश येतो. दख्खनच्या लाव्हातील दिशा मोजली, तर हीच भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस, २५ ते ३० अंशांच्या पट्ट्यात होती, असे दिसते. रेखांश मात्र या पद्धतीने कळत नाही.

नवशिक्यांच्या चुका बहुतेक दगड उचलतानाच होतात.

- धुऱ्यावरचा (शेताच्या बांधावरचा) सुटा दगड कितीही सुंदर असला, तरी तो मूळ जागी कसा होता हे कळत नसल्याने निरुपयोगी आहे. गिट्टी खदानीच्या ताज्या भिंतीतला, जागेवरच दिशा नोंदवलेला नमुना घ्या.
- बेसाल्टजवळ होकायंत्र भरकटते. सूर्याच्या सावलीवरून दिशा पडताळा. (मीही पहिल्या उन्हाळ्यात होकायंत्रावरच विसंबलो आणि सारे नमुने वाया गेले.)
- टेकडीचा माथा टाळा, कारण विजेच्या आघाताने तेथील जुनी खूण पुसली जाते.

एका थरावरून निष्कर्ष काढू नका, आणि बहुतेक नमुने आग्नेयेकडे रोखलेले आढळले तर घाबरू नका. त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव बव्हंशी उलटे होते. प्रयोगशाळेतील शुद्धीकरणाचा, म्हणजे दगडावर नंतर चढलेले चुंबकत्व काढून टाकण्याचा, विषय सध्या बाजूला राहू द्या.