आधी फॉलोअर्स की आधी कादंबरी?

प्रश्न : मी अकरावी आर्ट्सला आहे, कोथरूडला राहते. अभिनेत्री हिलरी डफची 'एलिक्झर' आणि तिचा पुढचा भाग 'डिव्होटेड' वाचून मी लिहायला लागले. आत्ता कळलं, मुखपृष्ठावर तिच्यासोबत आणखी एक नाव आहे. म्हणजे तिनं एकटीनं लिहिलंच नाही! माझी कादंबरी अर्धी झालीये, तीन पानं सोबत पाठवतेय. बाबा म्हणतात, नाव असल्याशिवाय कोण छापणार? मग आधी रील्स करून फॉलोअर्स वाढवू का?

उत्तर : ज्या नावावर तू चिडली आहेस, मला त्याच नावात रस आहे. एलिस ॲलन. २०१० मध्ये पहिला भाग आला, २०११ मध्ये लगेच दुसरा. गाणं-अभिनय सांभाळून वर्षभरात पुढचा भाग द्यायचा, तर रोज टेबलाशी बसणारं कुणीतरी हवंच. इथे निदान नाव छापलं. ब्रिटनची यूट्यूबर झोई सग हिची पहिली कादंबरी २०१४ मध्ये आली, आठवड्यात ७८ हजारांवर प्रती खपल्या आणि मग प्रकाशकांना कबूल करावं लागलं की तिनं ती एकटीनं लिहिलेली नाही. ओरड झाली. पुढचा भाग २०१५ मध्ये आलाच.

असं दुसऱ्याच्या नावावरचं पुस्तक लिहून देण्याला आपल्याकडे शब्दांकन म्हणतात. घरातली नटांची, खेळाडूंची आत्मचरित्रं उघडून बघ, आतल्या पानावर ते नाव सापडेल. ही फसवणूक नव्हे, रोजगार आहे. नाव लपवलं तर मात्र मलाही खटकतं.

बाबांचं अर्धं खरं. नावावर पुस्तक खपतं. पण प्रसिद्धी काही ठरवून मिळत नाही. रील्स हौसेनं कर, कादंबरीसाठी नको. (दिवसाचे चार तास त्यात घालवून बारावीला गटांगळ्या खाणारी मुलं माझ्यासमोर बसतात.)

नुसत्या कादंबऱ्यांवर मराठीत घर चालणं अवघड, हे स्पष्टच सांगते. म्हणून बी.ए. करताना जोडीला एखादी भाषा घे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग आहेत, त्यातून अनुवादाची वाट निघते. सुट्टीत पेठांमधल्या एखाद्या प्रकाशकाकडे जाऊन 'प्रुफं तपासायला येऊ का?' असं विचार. ऱ्हस्व-दीर्घ पक्कं होईल आणि पुस्तक कसं घडतं तेही दिसेल.

कुणी छापायला तयार झालंच, तर अठरा पूर्ण होईपर्यंत स्वतः सही करू नकोस, तो करार कायद्यानं टिकत नाही. हक्क देणं लेखीच हवं. मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरतात. 'पुढील भागाचे हक्क' असं कलम असलं तर बाबांना दोनदा वाचायला लाव.

तुझी पानं वाचली. पहिलं काढून टाक, गोष्ट दुसऱ्या पानावरच्या बसस्टॉपपासून सुरू होते.