वाचकांचे प्रश्न : सागवान, गोदी आणि गलबते

प्रश्न (खानापूर तालुक्यातील एक वाचक) : माझे आजोबा लाकडाच्या वखारीत कामाला होते. आपल्या रानातल्या सागवानातून मुंबईच्या गोदीत इंग्रजांची लढाऊ जहाजे बांधली गेली, असे ते नेहमी सांगत. यात तथ्य किती? आणि जहाजाला सागवानच का लागत असे?

उत्तर : आपल्या आजोबांच्या सांगण्यात तथ्य आहे, मात्र ‘आपले रान’ म्हणजे नेमके कोणते, हे थोडे उलगडून पाहायला हवे. मुंबईच्या गोदीत वापरले जाणारे लाकूड व्यापारात ‘मलबारी सागवान’ या नावाने ओळखले जात असे, आणि त्यातले बरेचसे खरोखरच मलबारातून येई. पण सागाचा पट्टा मलबारात संपत नाही. तो सह्याद्रीच्या कुशीतून कारवार, जोयडा, दांडेली, हल्याळ असा आपल्या लोंढा-नागरगाळीपर्यंत चढत येतो. रानाला तालुक्याची शीव ठाऊक नसते. लाकडाची वाट ठरवते ती नदी.

सागाचा अवजड ओंडका घाटवाटेने बैलांकरवी ओढून नेणे अतिशय खर्चाचे आणि कष्टाचे असे. म्हणून ज्या रानातली नदी पश्चिमेला समुद्राकडे जाते, ते रान गोदीच्या जवळचे. जोयडा तालुक्यात उगम पावणारी काळी नदी सदाशिवगडाजवळ अरबी समुद्राला मिळते, त्यामुळे कारवारच्या जंगलातील लाकडाला समुद्राची वाट जवळची होती. याउलट खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडे वळून कृष्णेला मिळते. तिच्या पाण्यावर सोडलेला ओंडका मुंबईला कधीच पोहोचला नसता. म्हादई पश्चिमेला जाते खरी, पण ती गोव्यात उतरते आणि तेथे पोर्तुगीजांची सत्ता होती. तेव्हा आजोबांची आठवण मुख्यतः काळी नदीच्या खोऱ्यातल्या, म्हणजे आपल्या शेजारच्या रानाला लागू पडते. वखारीतल्या माणसांना हा सगळा मुलूख एकच वाटत असे, आणि लाकडाच्या दृष्टीने तो एकच आहे.

आता सागवानच का, याविषयी. ज्यांनी बेळगावात किंवा निपाणीत जुना वाडा उतरवताना पाहिला आहे, त्यांना हे लगेच कळेल. शंभर-सव्वाशे वर्षे धुरात आणि पावसात काळी पडलेली तुळई खाली घेतात, सुतार तिच्यावर रंधा फिरवतो, आणि आतून सोनेरी लाकूड निघून त्याचा तेलकट वास आवारभर पसरतो. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. हाताला लागणारा तो किंचित चिकटपणा अजून आठवतो. सागातले हे नैसर्गिक तेलच त्याचे कवच आहे. त्यामुळे वाळवी आणि बुरशी लवकर लागत नाही आणि समुद्रातली लाकूड पोखरणारी कीडही इतर लाकडांच्या मानाने कमी त्रास देते. इंग्लंडमध्ये जहाजे ओकच्या लाकडाची असत. ओकमध्ये टॅनिक आम्ल असते आणि त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजू लागतात, खिळ्याभोवतीचे लाकूडही कुजते. सागात हा दोष नाही. शिवाय नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धामुळे इंग्लंडमध्ये जहाजाजोग्या ओकचा तुटवडा पडला होता. १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या पाडावानंतर कारवार-मंगळूरचा किनारा कंपनीच्या ताब्यात आला आणि १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना मलबार व त्रावणकोरच्या जंगलांचे संरक्षक नेमण्यात आले. ‘संरक्षक’ हा शब्द झाडांच्या मायेपोटी आला नव्हता. आरमाराला सागवान कमी पडू नये, हाच त्यामागचा हेतू होता. स्थानिक मालक आणि व्यापारी या मक्तेदारीने इतके त्रासले की १८२३ मध्ये ते पदच रद्द करावे लागले. जहाजांचा गौरव सांगताना रानातल्या माणसांनी सोसलेली ही बाजूही सांगितली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

गोदीत गेलेला प्रत्येक ओंडका सरळसोट असे, असेही नाही. जहाजाच्या तळाच्या मुख्य तुळईसाठी लांब व सरळ खोड लागे. पण तिच्यापासून दोन्ही बाजूंनी वर चढणाऱ्या बरगड्यांसाठी मुळातच वाकडे वाढलेले लाकूड शोधावे लागे. सरळ फळीतून वाक कापून काढला तर लाकडाचा तंतू तुटतो आणि लाटेच्या माऱ्यात नेमकी तीच जागा दगा देते. म्हणून फांदी जेथे खोडाला कोन करते तो भाग मोलाचा ठरे. वखारीत वाकडा ओंडका बाजूला टाकत नसत, तो वेगळा काढून ठेवत. आपल्या आजोबांना याचे कारण नक्कीच ठाऊक असावे.

हे लाकूड ज्यांच्या हाती पडे ते कारागीरही तितक्याच तोलाचे होते. १७३५ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार आपले काही साथीदार घेऊन मुंबईत आले. १७५० मध्ये तेथे पहिली सुकी गोदी उभी राहिली. सुकी गोदी म्हणजे दगडात बांधलेला असा हौद, की ज्यात जहाज आत घेऊन दरवाजा बंद करायचा, पाणी काढून टाकायचे आणि कोरड्यावर तळाची दुरुस्ती करायची. वाडिया घराण्याच्या पिढ्यांमागून पिढ्या या गोदीचे मुख्य कारागीर झाल्या आणि हा वारसा १८८० च्या दशकापर्यंत चालला. याच घराण्यातले अर्देशिर कर्सेटजी १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

या कारागिरीचा पुरावा आजही पाण्यावर तरंगतो आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. तिची बांधणी सुरू करताना, १८१६ मध्ये, पारशी प्रथेप्रमाणे तिच्या तळाच्या तुळईत कोरीव अक्षरांचा एक चांदीचा खिळा ठोकण्यात आला होता. इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात ती आज संग्रहालय म्हणून उभी आहे, आणि पाण्यावर तरंगत असलेली ती ब्रिटनमधली सर्वांत जुनी युद्धनौका मानली जाते. दोनशे वर्षांहून अधिक काळ पाण्यात राहिलेले आपल्या सह्याद्रीच्या सागाचे आयुष्य समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्न (निपाणी येथील महाविद्यालयीन विद्यार्थी) : अमेरिकेचे राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या ‘मिंडेन’ जहाजावर लिहिले गेले, असा संदेश मोबाइलवर फिरत असतो. तो खरा आहे का?

उत्तर : नाही. फ्रान्सिस स्कॉट की हे सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरजवळच्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यावरचा तोफांचा मारा पाहत होते, तेव्हा ते कैद्यांच्या सुटकेसाठी गेलेल्या आणि ब्रिटिशांच्या पहाऱ्यात असलेल्या एका अमेरिकन जहाजावर होते. ‘मिंडेन’ला या उसन्या कीर्तीची गरजही नाही. १८१० मध्ये पाण्यात उतरलेली ही ७४ तोफांची युद्धनौका म्हणजे ब्रिटिश आरमारासाठी ब्रिटनबाहेर बांधलेली पहिली मोठी पंक्तियुद्धनौका, म्हणजे आरमाराच्या रांगेत उभी राहून लढणारी नौका. मुंबईतच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीची मुख्य नौका ‘एशिया’ ही होती. हे दोन्ही मात्र निर्विवाद आहे. संदेश पुढे पाठवायचाच असेल तर हा पाठवावा.

प्रश्न (बेळगाव, शहापूर येथील शिक्षिका) : मुंबईच्या आधी मराठ्यांची स्वतःची गोदी होती का? विद्यार्थ्यांची सहल नेण्याजोगे त्यातले काही शिल्लक आहे का?

उत्तर : होती, आणि तिचे अवशेष शिल्लकही आहेत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तेथे जहाजबांधणी सुरू केली आणि पुढे आंग्र्यांनी ते आरमार वाढवले. सहलीसाठी मात्र विजयदुर्गच योग्य. किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, गिर्ये गावाच्या बाजूला वाघोटण खाडीच्या काठी मराठ्यांची गोदी आहे. काठचा खडक कापून ती तयार केली आहे आणि तिचे तोंड खाडीकडे उघडते.

मुलांना तेथे उभे करून खाडीचा आकार दाखवावा, कारण मराठ्यांच्या आरमाराचे शहाणपण त्या आकारातच आहे. इंग्रजांची जहाजे खोल समुद्रासाठी बांधलेली असत. आपली गलबते उथळ पाण्यात, खाडीच्या आत खोलवर शिरू शकत. गलबत क्वचितच ७० टनांपेक्षा मोठे असे आणि वारा पडला तरी ४०-५० वल्ही मारून ते पुढे जाई. गुराब त्याहून मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, आणि तिच्या पुढे निघालेल्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, शत्रूच्या रोखाने तोफा डागल्या जात. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांवर चाल केली तेव्हा विजयदुर्गाच्या बंदरात हे आरमार जळून खाक झाले. ज्यांच्यासाठी ते लढू शकले असते त्यांच्याच सल्ल्याने ते जळाले, ही गोष्ट मुलांना सांगताना आवाज जड होतो. तरी ती टाळू नये.

मुंबईची गोदी नौदलाच्या चालू कामाची जागा असल्याने तेथे सहल नेता येत नाही. विजयदुर्गाला जाताना आंबोली घाटाने सावंतवाडीस उतरून पुढे तळेऱ्यावरून वळावे. वाटेत वेंगुर्ल्याला वाकडी वाट करून थांबता आले तर अधिक चांगले, कारण रस्ते आणि आगगाडी येण्यापूर्वी बेळगावचा माल रामघाटातून उतरून त्याच बंदरात जहाजावर चढत असे. गोदीत गाळ साचला असल्यामुळे तिथे पोहोचण्याची वेळ ओहोटीची धरावी, म्हणजे कापलेल्या खडकाच्या कडा मुलांना हाताने चाचपून पाहता येतील.