‘स्वायत्त’ की परावलंबी? ग्रीनलंडच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: बातमीत ग्रीनलंडला ‘डेन्मार्कचा स्वायत्त प्रदेश’ म्हणतात आणि दोनच ओळींनंतर तो ‘डेन्मार्कच्या मदतीवर चालतो’ असंही लिहितात. दुसऱ्याच्या पैशावर चालणाऱ्याला स्वायत्त म्हणणं चूक नाही का? त्यापेक्षा ‘स्वराज्य’ किंवा ‘स्वशासन’ म्हणावं का?

माझ्या मते ‘स्वायत्त’ अगदी बरोबर आहे. खटकायला हवा तो ‘मदत’ हा शब्द.

स्व + आयत्त. आयत्त म्हणजे अधीन, हातात असलेलं. दैवायत्त म्हणजे दैवाच्या हाती, तसं स्वायत्त म्हणजे आपल्या हाती. (दोन त आहेत, ‘स्वायत’ नव्हे. हल्ली छापील मजकुरातही एक त गळालेला दिसतो.) या शब्दात निर्णय कोणाच्या हाती एवढंच आहे, पैसा कोणाचा हे नाही. आपल्याकडची स्वायत्त महाविद्यालयं बघा. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पण त्यांतल्या कित्येकांतल्या प्राध्यापकांचा पगार सरकारी अनुदानातून होतो आणि पदवी विद्यापीठाची मिळते. तरी त्यांना स्वायत्त म्हणताना आपण अडखळत नाही.

गंमत म्हणजे आपला ‘आयता’ही याच ‘आयत्त’चा. हाताशी असलेलं, म्हणून तयार, म्हणून कष्टाविना मिळालेलं. आयत्या बिळावर नागोबा बसतो तो यातूनच. ग्रीनलंडची सगळी ओढाताण मला या एका धातूच्या दोन लेकरांत दिसते.

‘स्वाधीन’चा पर्याय बंगालीला चालतो, तिथे त्याचा अर्थ स्वतंत्र. मराठीत मात्र आपण चोराला पोलिसांच्या स्वाधीन करतो, त्यामुळे तो बाद. ‘स्वराज्य’ला आपल्याकडे शिवकाळाचं आणि टिळकांचं वजन आहे, आणि दुसरीकडे नगरपालिकाही ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ असते. इतका ताणलेला शब्द इथे नेमका बसणार नाही. ‘स्वशासन’ मात्र कामाचा आहे, कारण ग्रीनलंडमध्ये दोन टप्पे झाले. १९७९ मध्ये आली ती व्यवस्था डॅनिशमध्ये ‘येमेस्ट्यूर’, म्हणजे घरचा कारभार. टिळकांनी १९१६ मध्ये लीग काढली त्या ‘होमरूल’चाच हा डॅनिश अवतार. २००८ च्या सार्वमतात सुमारे ७५ टक्के लोकांनी पुढच्या टप्प्याला कौल दिला आणि २१ जून २००९ पासून ‘सेल्स्ट्यूर’ आलं, म्हणजे आपला आपण कारभार. पहिल्याला ‘गृहशासन’ आणि दुसऱ्याला ‘स्वशासन’ म्हणावं, आणि प्रदेशाचं विशेषण म्हणून ‘स्वायत्त’ ठेवावं.

आता पैशाचं. माझी मावशी अनुदानित शाळेत शिकवायची. शाळा अनुदानावर आली त्या दिवशी तिने पेढे वाटले, आणि शेजारच्या कोणी ‘सरकारची मदत मिळाली म्हणे’ म्हटल्यावर तिने तिथल्या तिथे दुरुस्त केलं: “मदत पूर आल्यावर मिळते. हे अनुदान आहे, नियमाने मिळतं.” हा फरक इथे तंतोतंत लागू आहे. डेन्मार्क देतो ती रक्कम २००९ च्या कायद्यातच लिहिलेली आहे: ३४३.९६ कोटी क्रोनर, तेव्हाच्या भावाने, आणि पुढे महागाई व वेतनवाढीनुसार. तिथल्या सरकारच्या खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग यातून निघतो. सुमारे ५७ हजार वस्तीच्या आणि निर्यातीसाठी जवळजवळ सर्वस्वी मासळीवर विसंबलेल्या प्रदेशाला ही रक्कम किती मोठी आहे ते उघड आहे. पण ती अमुक शाळेसाठी, तमुक दवाखान्यासाठी अशी बांधलेली नाही. डॅनिश नावातच ‘ब्लॉक’ आहे. आपल्याकडे अंदाजपत्रकात ‘ठोक तरतूद’ असते, त्या चालीवर ‘ठोक अनुदान’ म्हणणं सर्वांत चपखल. कुठे खर्चायचं ते ग्रीनलंडच्या राजधानीत, नूकमध्ये, ठरतं, आणि तिथेच ‘आयत्त’ खरं ठरतं.

पण याच कायद्यात एक कलम असं आहे की ‘आयता’ पैसा वाढू नये. १९७९ नंतर एखादं खातं ग्रीनलंडकडे आलं की त्याच्या खर्चाचे पैसेही मागोमाग यायचे. २००९ पासून जे खातं घ्याल त्याचा खर्च तुम्हीच करा. खनिजांचं खातं त्यांनी २०१० मध्ये घेतलं. त्याचं उत्पन्न वर्षाला साडेसात कोटी क्रोनरच्या वर गेलं तर वरच्या रकमेच्या निम्म्याने अनुदान घटतं. म्हणजे अधिकार जितका आपल्या हाती यावा तितका खिशावरचा भार वाढतो. संरक्षण, चलन आणि सर्वोच्च न्यायालय अजून कोपनहेगनकडे आहे; परराष्ट्र धोरणही मुख्यतः तिथलंच. स्वतंत्र व्हायचं का हे मात्र ग्रीनलंडच्या लोकांनी ठरवायचं, असं कायदाच म्हणतो.

म्हणून ‘परावलंबी’ हा शब्द मी टाळेन. त्यांचं आर्थिक स्वावलंबन अपुरं आहे, असं सरळ लिहावं. बातमीचं वाक्य मी असं दुरुस्त करेन: ‘ग्रीनलंड हा डेन्मार्कच्या राज्यातला स्वायत्त प्रदेश असून त्याला दरवर्षी कायद्याने ठरलेलं ठोक अनुदान मिळतं.’