मेल (नर) साप ब्रीडिंगला तयार झाला का, हे वयावरून ठरवू नका

तुमचा बॉल पायथन (पाळतात तो छोटा अजगर) मेल 9 महिन्यांचा, वजन 480 ग्रॅम, हल्ली उंदीर घेत नाही आणि रात्रभर टबमध्ये फिरतो, म्हणजे तयार झाला का असं विचारलंय तुम्ही. माझं स्पष्ट मत, या ब्रीडिंग सीझनला थांबा.

खाणं सोडून फिरत बसणं हे वयात आलेल्या मेलचं लक्षण आहे हे खरं, पण टब गार पडला, लपायला जागा नसली किंवा तब्येत बिघडली तरी साप नेमका असाच वागतो. त्यामुळे आधी टेंपरेचर तपासा, गरम बाजूला 31 ते 33 डिग्री मिळतंय ना बघा. मग कात टाकली की ती फेकून न देता शेपटीकडचा भाग नीट बघा, तिथे पिवळसर, मेणासारखा चिवट छोटा तुकडा चिकटलेला दिसला तर तो स्पर्म प्लग, म्हणजे वाळलेल्या वीर्याचा तुकडा. युरेट, म्हणजे सापाच्या लघवीचा घट्ट पांढरा भाग, खडूसारखं असतं, बोटात भुगा होतो, त्यात गफलत करू नका. आणि प्लग दिसला म्हणजे फक्त गाडी सुरू झाली एवढंच, स्पर्म चांगले आहेत की नाही ते त्यातून कळत नाही, ते लॉक (म्हणजे मेल-फीमेलचं मीलन) झाल्यावर सॅम्पल घेऊन व्हेटकडून मायक्रोस्कोपखाली बघून घेता येतं.

आता वजनाचं. 500 ग्रॅमच्या आसपास बरेच मेल लॉक करतात, मी मात्र 700 झाल्याशिवाय पेअर करत नाही. कारण सीझनमध्ये मेल आठवडेच्या आठवडे खात नाही आणि लहान मेलच्या अंगात तेवढा साठाच नसतो, वाढीच्या वयात तो सुकला की भरून यायला खूप वेळ जातो, आणि हे सगळं कशासाठी तर आपल्याला एक वर्ष आधी अंडी हवीत म्हणून, मला हे पटत नाही. दुसरं म्हणजे फीमेल 1500 ग्रॅमच्या वरची, अंगाने भरलेली लागते, तिच्यासमोर एवढासा मेल बऱ्याचदा कोपऱ्यात दबून बसतो.

कॉर्न स्नेकचे मेल साधारण दीड-दोन वर्षांत तयार होतात, तिथेही वयापेक्षा अंग बघा. किंग स्नेक असेल तर जास्तच जपून, ते साप खाणारे साप आहेत, भुकेल्या मोठ्या फीमेलजवळ छोटा मेल सोडून निघून जायचं नाही.

पुढच्या सीझनला पहिल्यांदा लावाल तेव्हा एकच फीमेल द्या, दोन-तीन दिवस एकत्र, मग बाहेर काढून आराम आणि खायला. दर आठवड्याला काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा, सुरुवातीच्या वजनापेक्षा 10 टक्के उतरलं की त्याचा सीझन तिथेच संपला, मग फीमेल कितीही तयार असू दे.