हॉर्मोन जनावराचं, प्रमोटर विषाणूचा, शिकायचं काय?

प्रश्न: मी सांगलीत बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषाणूचा प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) वापरून गायी-म्हशींचं एफएसएच, म्हणजे अंडाशयातली बीजं वाढवणारं हॉर्मोन, पेशींमध्ये बनवण्याच्या कामात मला जायचंय. घरचे 'विषाणू' ऐकूनच घाबरलेत. पुढे काय करू?

उत्तर: आधी घरच्यांना हे सांग. सायटोमेगॅलोव्हायरसचा प्रमोटर म्हणजे काही शे बेसजोड्यांचा डीएनए. पुढचं जनुक जोरात वाचायला तो पेशीला लावतो. त्यातून विषाणू तयार होत नाही.

एफएसएचच कशाला प्राण्यांच्या पेशींमध्ये बनवायचं? गायीचं ग्रोथ हॉर्मोन ई. कोलाय जिवाणूतही बनतं, कारण त्याला शर्करा-साखळ्या लागत नाहीत. एफएसएचला अल्फा आणि बीटा अशी दोन प्रथिनं जुळावी लागतात, वर शर्करा-साखळ्याही हव्यात. म्हणून सीएचओ, म्हणजे चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयापासून मिळवलेल्या पेशी. साखळ्यांच्या टोकाला सायलिक ॲसिड कमी पडलं, तर यकृत हॉर्मोन रक्तातून झटपट काढून टाकतं. भरपूर माल निघूनही जनावरावर परिणाम दिसत नाही, तो यामुळे.

चाचणीपुरतं उत्पादन सोपं आहे. दर मिलिलिटरला एचईके-२९३ पेशी (मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासूनच्या) सुमारे १० लाख, जनुक वाहून नेणारं गोल डीएनए म्हणजे प्लाझ्मिड १ मायक्रोग्रॅम, आणि ते पेशीत शिरवणारं पीईआय हे रसायन ३ मायक्रोग्रॅम. चार-पाच दिवसांनी माध्यम गोळा करायचं. खरी कसोटी टिकाऊ क्लोनची, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या, कायम हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींची. डीएचएफआर हे एन्झाइम नसलेल्या सीएचओ पेशींत प्लाझ्मिडवरून एफएसएचसोबत डीएचएफआरचंही जनुक द्यायचं, ते एन्झाइम रोखणारं मेथोट्रेक्सेट हे औषध टप्प्याटप्प्याने वाढवायचं, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढलेल्या पेशीच तगतात, मग एकेका पेशीपासून क्लोन वाढवायचे. इथेच हा प्रमोटर दगा देतो: त्यावर मिथाइल गट चढून तो बंद पडतो आणि पेशी धडधाकट असूनही उत्पादन घसरत जातं. म्हणून मेथोट्रेक्सेट काढून दोन-तीन महिने उत्पादन मोजल्याशिवाय क्लोन पक्का धरू नये. आणि मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशींच्या माध्यमात शिरणारे अतिसूक्ष्म जिवाणू! माध्यम गढूळ होत नाही, पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन चालत नाही. ते पकडायला नियमित पीसीआर चाचणी करत राहायची.

आता कोर्स. गॅट-बी ही बायोटेक्नॉलॉजीची प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. कर. कॉलेज निवडताना एकच विचार: विद्यार्थी स्वतः प्राणिपेशी वाढवतात, की प्रात्यक्षिक नुसतं बघतात? प्रकल्पासाठी पुण्यातलं एनसीसीएस (पेशीविज्ञान), मुंबईत परळचं एनआयआरआरसीएच (प्रजनन आरोग्य) आणि हैदराबादचं एनआयएबी (पशु-जैवतंत्रज्ञान) या राष्ट्रीय संस्थांमधल्या प्रयोगशाळांना आत्तापासून लिही. नुसतं क्लोनिंग येणारे पुष्कळ भेटतात. शुद्धीकरण आणि शर्करा-साखळ्यांचं विश्लेषण येणारे थोडे, त्यामुळे प्रबंधाचा विषय तिथला घे. जनावरांवरच्या चाचण्यांना पशुवैद्य सोबत लागतोच, पण त्यासाठी आता 'नीट' परीक्षा देऊन साडेपाच वर्षांचं बी.व्ही.एस्सी. नव्याने सुरू करू नकोस.