पाळणाघर काढायचंय? आधी मंजूर नकाशा बघा

प्रश्न : पुण्यात तळमजल्यावर आमचा स्वतःचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. तिथे पाळणाघर सुरू करायचंय. गुमास्ता काढला की झालं, असं एकजण म्हणाले. खरं का?

उत्तर : नाही ताई, गुमास्ता म्हणजे फक्त धंद्याची नोंद. त्या जागेत मुलं ठेवायला हरकत नाही, असं तो कागद सांगत नाही. पहिल्यांदा इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (इमारत वापरायला हरकत नाही, असा महापालिकेचा दाखला) हातात घ्या. नकाशात फ्लॅट ‘निवासी’ असेल, तर तिथे पाळणाघर चालेल का आणि वापरबदलाची परवानगी लागेल का, हे महापालिकेच्या बांधकाम विभागाला लेखी विचारा. मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी 2020 ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. मुंबईची वेगळी आहे. त्यामुळे दादरच्या मैत्रिणीचं ऐकून पुण्यात पैसे गुंतवू नका. सोसायटीचं ना-हरकत पत्रही आधीच घ्या. रंगरंगोटी झाल्यावर मागायला गेलात तर अडून बसतात. महावितरणला विचारायला विसरू नका. घरगुती मीटरवर व्यवसाय चालवणं हा ‘अनधिकृत वापर’ ठरला, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होते.

प्रश्न : आमचा हॉल 300 चौरस फुटांचा आहे. किती मुलं घेता येतील?

उत्तर : नोकरदार आयांसाठी कंपन्यांनी चालवायच्या पाळणाघरांची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं काढली आहेत. त्यात मुलामागे किमान 10 ते 12 चौरस फूट जागा सांगितली आहे. तुमचं पाळणाघर खासगी असलं तरी माप म्हणून हेच धरा. 12 फुटांच्या हिशेबानं 25 मुलं बसतात, पण कपाट, गाद्यांची चवड, चपलांचा रॅक ही जागा मुलांची नाही. ती वजा करा. मग माणसं मोजा : तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक प्रशिक्षित ताई आणि सोबत मदतनीस. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी 12 च्या पुढे जाऊ नका.

प्रश्न : दुसऱ्या मजल्यावर भाडं कमी पडतं. बाल्कनीला जाळी बसवून घेतली तर चालेल ना?

उत्तर : शक्यतो तळमजलाच बघा. एक पाळणाघर बघायला गेले होते, ते मला अजून आठवतं. बाल्कनीला मजबूत ग्रिल, ग्रिलमधल्या झडपेला कुलूप, आणि किल्ली मालकीणबाईंच्या पर्समध्ये. बाई बँकेत गेलेल्या. आत नऊ मुलं झोपलेली, एकच मदतनीस, बाहेर पडायला एकच दार आणि त्या दाराशी गॅसची शेगडी. ग्रिल मूल पडू नये म्हणून लावलेलं, पण आग लागली असती तर त्याच ग्रिलनं सगळ्यांना आत कोंडलं असतं. झडप हवीच, आणि किल्ली तिथेच, मोठ्यांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर टांगलेली हवी.

इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू आहे, याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अग्निशमन दलाला द्यायचं असतं. त्यालाच ‘फॉर्म बी’ म्हणतात. जागा भाड्यानं घेण्याआधी शेवटचा फॉर्म बी मागा. आणि न्हाणीघरात भरलेली बादली कधीच ठेवू नका. तान्ह्या, रांगत्या मुलाला हातभर पाणीही खोल असतं.

प्रश्न : ओळखीतल्याच बायका कामाला घेणार आहे. पोलीस पडताळणी करायलाच हवी का?

उत्तर : हो. पोक्सो म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा कायदा. त्याच्या 2020 च्या नियमांत पाळणाघरांचा नावानिशी उल्लेख आहे. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पडताळणी ठरावीक काळानं करायची असते, एकदाच नव्हे. स्वयंपाकाच्या मावशी, रिक्षावाले काका, तुमचा भाचा, कुणी सुटत नाही. मावशी रागावल्या तर त्यांच्यासमोर स्वतःचा अर्ज आधी भरा.