एकाच रानात तीन जमिनी

प्रश्न : कोल्हापूरच्या पाचगावजवळ आम्ही बारा जण मिळून २ एकर रान घेतोय. वरची बाजू मुरमाड आहे, खाली ओढ्याकडे काळी माती आहे. २४ रो-हाउस बांधायचा विचार आहे. मालक म्हणतात, बोअर मारताना १२ फुटांवर कातळ लागलाय, मग माती परीक्षणावर पैसे कशाला घालवता?

उत्तर : घालवा, आणि इसार देण्याआधी घालवा. बोअरवेलची गाडी दगडाचा भुगा करत खाली जाते. लागलेला दगड सलग कातळ होता की मुरमात अडकलेला गोटा, हे भुग्यावरून ठरवता येत नाही. आपल्याकडचा काळा पाषाण झिजतो तेव्हा कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. मधे टणक गोटा उरतो आणि भोवती मऊ मुरूम. एक कॉलम गोट्यावर आणि शेजारचा मुरमावर बसला, तर दोन्ही सारखे खचत नाहीत आणि भिंतीला तिरकी चीर जाते.

आधी रान पायाखाली घाला. एकदा मे महिन्यात जा. काळ्या मातीला पडलेल्या भेगेत सळई सोडून बघा, भेग किती खोल गेली आहे ते कळेल. पुन्हा सप्टेंबरात जा आणि आसपासच्या विहिरींचं पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजा. ओढ्याकाठच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा कुठल्या उंचीवर आहे ते टिपून ठेवा, कारण पावसाळ्यात ओढा तिथवर चढलेला असतो. शेजारच्या घरांच्या कंपाउंड भिंतींना चिरा गेल्यात का तेही नीट बघा. नंतर टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून, उंचीत दर अर्ध्या मीटरला एक अशा समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा करून घ्या.

माती तपासणीच्या ‘आयएस १८९२’ या भारतीय मानकानुसार साधारण ४० गुंठ्यांवरच्या एका सलग इमारतीला चार कोपऱ्यांत चार आणि मध्यात एक अशी तपासणी पुरते. तुमच्या जागेत माती बदलते, म्हणून आम्ही आठ खड्डे आणि तपासणीसाठी चार बोअर सुचवू. त्यातले निम्म्याहून जास्त काळ्या मातीच्या बाजूला आणि माती जिथे पालटते त्या पट्ट्यात घ्या. खड्डे जेसीबीने ३ मीटर खोल काढा, पण भावी पायाच्या जागा सोडून, नाहीतर तुम्हीच तिथे भुसभुशीत जागा तयार कराल. आधार न देता खोल खड्ड्यात कुणाला उतरू देऊ नका, काळी माती सांगून ढासळत नाही.

या बोअरमध्ये दर दीड मीटरला एसपीटी, म्हणजे ठोक्यांवरून जमिनीचा टणकपणा मोजणारी चाचणी घ्यावी. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पडतो. नळी ४५ सेंमी आत जाईपर्यंतचे ठोके मोजतात, पण पहिल्या १५ सेंमीचे ठोके धरत नाहीत. दगड लागला की थांबू न देता किमान ३ मीटर कोअर, म्हणजे दगडाचा दांड्यासारखा सलग नमुना, काढायला सांगा. हे नमुने ठेवलेला कोअर बॉक्स स्वतः उघडून बघा. मधे तांबडी, गेरूसारखी मऊ पट्टी दिसली तर ती दोन लाव्हाथरांमधली आहे. पाणी लागलं की ती नरमते, त्यामुळे तिच्यावरचा दगड पातळ असेल तर तिथे पाया टेकवू नये.

काळ्या मातीची फ्री स्वेल (माती किती फुगते ते बघणारी) चाचणी स्वस्त आहे, ती टाळू नका. सुकवून चाळलेली १० ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात, दुसऱ्यात रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये १० मिली आणि पाण्यात १७ मिली भरली, तर फुगवटा ७० टक्के. ५० च्या पुढे गेला की साधा पाया विसरा. काळ्या थराची जाडी दीड मीटरपर्यंत असेल तर तो काढून पाया मुरमावर न्या. जास्त असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले खोल काँक्रीटचे खांब) घ्या, आणि त्यावरची बीम जमिनीपासून ८० मिमी वर मोकळी ठेवा, म्हणजे फुगणारी माती तिला खालून उचलणार नाही. खोदून निघालेली काळी माती जोत्यात भरायची नाही. पैसे वाचवायला हेच सर्रास केलं जातं, आणि मग पावसाळ्यात फरशी उचलते.

उतारावर सपाटीकरण करताना एकच घर अर्धं कापणीत, अर्धं भरावात येऊ देऊ नका. रस्ते आणि बाग भरावावर घ्या, घरं कापणीवर. भराव २० सेंमीच्या थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून घाला.

प्रश्न : पंचगंगेकडच्या बाजूला प्लॉट स्वस्त मिळतोय. ६ फूट मुरूम टाकला की पुराची काळजी मिटेल का?

उत्तर : नाही. आधी प्लॉट निळ्या (वरचेवर येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते नकाशावर बघा. निळ्या रेषेच्या आत असेल तर सोडून द्या. राजाराम बंधाऱ्यावरचे ३९ आणि ४३ फूट हे इशारा आणि धोका पातळीचे आकडे नदीचे आहेत, तुमच्या जोत्याचे नाहीत. २०१९ आणि २०२१ ला पाणी तिथे ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हाची खूण शेजारच्या भिंतीवर शोधा आणि ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) प्लॉटवर आणा. शिवाय भरावाने अडवलेलं पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. घाईत टाकलेला भराव पुरात भिजून दबतो तो वेगळाच.

प्रश्न : अहवाल हातात आल्यावर काय तपासायचं?

उत्तर : बोअरच्या जागांचा मोजमापासह नकाशा, भूजलाची खोली आणि ती मोजल्याची तारीख, कोअर बॉक्सचे फोटो. भारक्षमता (जमीन किती वजन पेलेल) कुठल्या खोलीला आणि किती रुंदीच्या फूटिंगसाठी (कॉलमखालच्या पायाच्या चौथऱ्यासाठी) धरली आहे, ते लिहिलेलं नसेल तर अहवाल परत पाठवा.